नवी सुई देणे म्हणजे व्यसनाला उत्तेजन देणे का?

प्रश्न : माझा बावीस वर्षांचा पुतण्या दम टिकावा म्हणून व्यायामशाळेतील तीन मित्रांबरोबर एक इंजेक्शन घेतो आणि चौघे एकच सिरिंज वापरतात, असे अलीकडे समजले. व्यसनमुक्ती केंद्रात जाण्यास तो तयार नाही. काही ठिकाणी शासकीय योजनेतून अशांना नव्या सुया देतात म्हणे. हे उत्तेजन नव्हे का? आणि अशा सेवेला आपल्या जिल्ह्यात काही भवितव्य आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत तातडीची बाब सामाईक सिरिंजची आहे. पुतण्या इंजेक्शन सोडेल तेव्हा सोडेल. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सीचा संसर्ग तोवर थांबून राहत नाही. चौघांनीही दोन्ही तपासण्या लगेच करून घ्याव्यात, आणि संसर्ग ताजा असल्यास तो पहिल्या तपासणीत दिसत नाही म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा कराव्यात. एचआयव्हीची तपासणी शासकीय रुग्णालयातील आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात मोफत होते व गुप्त ठेवली जाते. हिपॅटायटिस सी तर बहुतेक रुग्णांत गोळ्यांनी काही महिन्यांत बरा होतो आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून त्याचे उपचार विनामूल्य मिळतात.

आता उत्तेजनाविषयी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना निर्जंतुक सुया-सिरिंज आणि अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध दिले जाते. सुया दिल्याने नशा करणारे वाढतात, असे जगभरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. उलट त्या निमित्ताने माणूस आरोग्यसेवकासमोर येतो. एचआयव्ही व एड्स कायदा २०१७ याने अशा सेवेला फौजदारी कारवाईपासून संरक्षणही दिले आहे. निरोध वाटपावरही एकेकाळी हाच आक्षेप होता, तरी सांगलीत संग्राम संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्याच हाती ते काम सोपवले आणि या जिल्ह्याला त्याचा अभिमान वाटायला हवा.

भवितव्याचा प्रश्न मात्र मला अधिक अस्वस्थ करतो. ही सेवा मुख्यतः हेरॉइन आणि तत्सम पदार्थ टोचून घेणाऱ्यांसाठी उभी राहिली. आपल्याकडचे चित्र निराळे आहे. २०२४ मध्ये कुपवाड आणि कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे पोलिसांनी पकडलेला माल एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजक अमली पदार्थाचा होता, आणि त्याच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनसारखे मान्यताप्राप्त पर्यायी औषध अद्याप नाही. व्यायामशाळेत बहुधा मेफेंटरमाइन वापरले जाते. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरण्याचे हे औषध देखरेखीविना घेतल्यास हृदयावर ताण येतो व भ्रमही होऊ शकतात. हे तरुण स्वतःला व्यसनी समजत नाहीत, त्यामुळे 'व्यसनमुक्ती' अशी पाटी असलेल्या दारातून ते आत येणार नाहीत. म्हणून ही सेवा ग्रामीण रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात, औषध दुकानदारांच्या आणि व्यायामशाळेतील प्रशिक्षकांच्या सहभागाने उभी राहिली तरच तिला अर्थ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी अट पोलिसांची भीती दूर होण्याची. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात सेवनालाही शिक्षा आहे. कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला काही अटींवर खटल्यापासून सवलत देते, परंतु हे कलम किती कुटुंबांना माहीत आहे?

पुतण्याला केंद्रात चल असा आग्रह तूर्त धरू नका. प्रत्येकाची सुई वेगळी, दर वेळी नवी आणि वापरलेली लगेच नष्ट, एवढे मात्र त्याच्याकडून कबूल करून घ्या. छातीत धडधड, तीव्र डोकेदुखी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास रात्र-अपरात्र न पाहता रुग्णालय गाठा. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पहिला फोन आपणच करा आणि तपासणीला जाताना त्याच्याबरोबर जा.