रविवारच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली, आली शनिवारची. कंपनी पैसे परत देत नाही. काय करू?

'एकदा विकलेलं तिकीट परत घेतलं जात नाही' ही अट ते तुमच्या तोंडावर फेकणारच. ती तुमचा बेत फिसकटला तर. इथे तुम्ही मागितलं एक आणि त्यांनी दिलं भलतंच. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांनुसार ठरलेली सेवा दिली नसेल तर विकणाऱ्याला परतावा नाकारता येत नाही.

'गेटवर बघू काय होतंय' म्हणून ती तिकिटं घेऊन शनिवारी मात्र जाऊ नका. बारकोड एकदा स्कॅन झाला की तुम्ही कार्यक्रम पाहिला, विषय संपला.

माझ्या वेळी कार्यक्रम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होता. आईचे गुडघे दुखतात म्हणून जास्त पैसे मोजून मुद्दाम खुर्चीची तिकिटं घेतली, आणि कुरिअरनं आले मैदानात उभं राहायच्या प्रवेशाचे मनगटी पट्टे. असे पट्टे आले तर मनगटात अडकवून बघू नका, ते कापल्याशिवाय निघत नाहीत आणि मग तुमची बाजू लंगडी पडते. चॅटवर दर वेळी 'तुमचं बुकिंग कन्फर्म आहे' एवढंच उत्तर. शेवटी चॅटचा नाद सोडून तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. त्याचं नाव आणि संपर्क त्यांना वेबसाइटवर द्यावाच लागतो. सोबत बुकिंगचा मेल, बँकेचा मेसेज आणि न वापरलेल्या पट्ट्यांचा फोटो. मागणी एका ओळीत: कार्यक्रमाआधी बरोबर तिकिटं द्या, नाहीतर कन्व्हिनियन्स फीसकट सगळे पैसे. फीचं स्पष्ट लिहा, नाहीतर तेवढी कापून घेतात.

अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तुमचा कार्यक्रम तोंडावर असेल तर थांबू नका, लगेच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं. माझे पैसे तिथून विचारणा गेल्यावरच सुटले. कार्डाने भरले असतील तर बँकेकडेही व्यवहारावर हरकत नोंदवा.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, वकील लागत नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. दोन वर्षांची मुदत असते. पण दोन-चार हजारांसाठी तारखांमागे धावायचं का, ते तुम्हीच ठरवा. मी नसतो गेलो.

हे सगळं कंपनीकडून घेतलेल्या तिकिटांचं. व्हॉट्सॲपवर कुणा अनोळखी माणसाकडून घेतली असतील आणि तो आता फोन उचलत नसेल, तर १९३० वर सायबर तक्रार, तीही आजच्या आज.