टँक बदलला की वेट किती बदलायचं?

सीझन सुरू झालाय, त्यामुळे यावेळी आलेल्या पत्रांत स्कूबाचीच पत्रं जास्त आहेत आणि त्यातली बरीचशी फिरून फिरून "पाण्याखाली राहण्यासाठी शिशाचं वेट किती किलो लावू" यावरच येतात, म्हणून सगळी एकत्रच घेतो.

प्रश्न : मी नॉटिंगहॅमला असते. इथे स्टोनी कोव्हला डाइव्ह करते, स्टीलचा १२ लिटरचा टँक, ड्रायसूट (आत पाणी शिरू न देणारा सूट) आणि १२ किलो वेट. डिसेंबरमध्ये अंदमानात हॅवलॉकला जातेय, तिथे ॲल्युमिनियमचा टँक असेल. एक मैत्रीण म्हणते ३ किलो वाढव, दुसरी म्हणते निम्मं कर. कोणाचं ऐकू?

दोघींचंही ऐका, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. पहिली टँकबद्दल बोलतेय आणि दुसरी सूटबद्दल.

आधी टँक. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जो मिळतो तो ॲल्युमिनियम ८०, आत ११.१ लिटर जागा आणि २०७ बारचं प्रेशर. नुसता धातू १४ किलोच्या आसपास, म्हणजे उचलायला तुमच्या स्टीलच्या टँकएवढाच. पण ॲल्युमिनियम हलकं असल्यामुळे भिंत जाड करावी लागते आणि ती जाडी पाण्यात जागा खाते. हिशेब करून बघा, १४ किलो ॲल्युमिनियमची जागा साधारण ५.२ लिटर, त्यात आतली ११.१, झाले सोळाच्या वर लिटर, म्हणजे जवळपास १७ किलो समुद्राचं पाणी बाजूला सारलं. व्हॉल्व्ह धरूनही रिकामा टँक १५ किलोच्या आतबाहेर भरतो, म्हणून तो २ किलोने वर ओढतो. तेवढंच स्टील जेमतेम पावणेदोन लिटर जागा घेतं, त्यामुळे तुमचा टँक रिकामा झाला तरी न्यूट्रल (ना तरंगणारा, ना बुडणारा) किंवा थोडा जडच राहतो. फरक निघाला दोन ते तीन किलोचा. म्हणजे पहिली मैत्रीण बरोबर.

त्यात स्टोनी कोव्ह गोड्या पाण्याची खाण आणि हॅवलॉकला समुद्र. खारं पाणी अडीच टक्के जड असतं, म्हणजे तुम्ही अधिक सगळं सामान मिळून १०० किलो होत असेल तर अजून अडीच किलो लागणार.

आता दुसरी मैत्रीण. ड्रायसूट आणि आतले गरम कपडे यांच्यात जी हवा अडकते ती दाबायलाच तुमचं बहुतेक वेट जात होतं. अंदमानात ३ मिलिमीटरचा पातळ वेटसूट, फार तर शॉर्टी (आखूड हातापायांचा सूट). इथे एवढं कमी होतं की टँकचं आणि मिठाचं गणित त्यात बुडून जातं. पण नेमकं किती ते तुमच्या अंगावर, सूट नवा की जुना यावर अवलंबून आहे, इथून बसून सांगितलं तर ते अंदाजपंचे दाहोदरसे होईल. साधारण ५-६ किलोने सुरुवात करा आणि पहिल्या डाइव्हला चेक करा.

चेक कसा तर डाइव्हच्या शेवटी, ५ मीटरला सेफ्टी स्टॉपवर (वर येण्याआधी थोडं थांबतात तिथे), टँकमध्ये ५० बार उरलेत, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) पूर्ण रिकामं, पाय हलवायचे नाहीत आणि नेहमीसारखा श्वास घ्यायचा. जागच्या जागी राहिलात तर वेट बरोबर. वर जायला लागलात तर एक किलो कमी पडतंय, खाली जात असाल तर पुढच्या डाइव्हला एक काढा. सुरुवातीलाच भरल्या टँकने चेक करत असाल तर २ किलो जादा ठेवा, कारण २०० वरून ५० बारवर येईपर्यंत तेवढ्या वजनाची हवा तुम्ही श्वासावाटे संपवलेली असते. लोकांना वाटतं हवेला कसलं आलंय वजन, पण बाहेरच्या साध्या दाबाला ती लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास भरते आणि तुम्ही दीड हजाराच्या वर लिटर वापरता.

प्रश्न : मालवणला पहिल्यांदा पाण्यात उतरलो तेव्हा मला ८ किलो लावलं होतं. आता कोर्स झालाय, नेत्राणीला जातोय, तेवढंच सांगू का? (ठाणे)

नको. ट्राय डाइव्हला मुद्दाम थोडं जास्त लावतात, पाहुणा घाबरून वर सुटू नये म्हणून, आणि तुम्हाला धरून ठेवणारा माणूस शेजारी असतो. आता धरणारं कोणी नाही. दोन किलो जास्त म्हणजे ते तोलायला बीसीडीत दोन लिटर जास्त हवा. १० मीटरवरचे ते दोन लिटर ५ मीटरला पावणेतीन होतात आणि पृष्ठभागावर चार, म्हणजे वर येताना तुम्ही सतत हवा सोडत बसणार, एकदा चुकलं की बुचासारखे वर. शिवाय पाय खाली लटकतात, फिन्सने वाळू उडते आणि हवा भराभरा संपते ते वेगळंच.

आणि एक, सुरुवातीला खाली जाता येत नाही याचं कारण बऱ्याचदा वेट नसतंच. माणूस नकळत फिन्स मारत असतो आणि छाती भरून श्वास धरून ठेवतो. पाय एकमेकांत अडकवा, पूर्ण श्वास सोडा, दोन सेकंद थांबा. तरीही नाही गेलात तर मग एक किलो मागा.

प्रश्न : ट्विनसेट (पाठीवर दोन टँक) शिकतोय. दोन टँक म्हणजे वेट लावायचंच नाही असं ग्रुपमध्ये म्हणतात. खरं का? साइडमाउंटलाही (टँक पाठीऐवजी दोन्ही कुशींना) तेच का? (पुणे)

स्टीलच्या ट्विनला बऱ्याचदा खरं आहे, ॲल्युमिनियमला नाही. दोन ॲल्युमिनियम ८० रिकामे झाले की मिळून ४ किलो वर ओढतात. मॅनिफोल्ड (दोन टँक जोडणारी नळी), बँड, स्टीलची बॅकप्लेट (पाठीमागची पत्र्याची पट्टी) यातून ते बरंचसं भरून निघतं, पण सूट जाड असेल तर थोडं लावावंच लागतं.

पण माझ्या मते खरा प्रश्न डाइव्हच्या शेवटचा नाही, सुरुवातीचा आहे. दोन १२ लिटरचे स्टील टँक २३२ बारला भरले तर आत साडेसहा किलोच्या आसपास नुसती हवा असते. म्हणजे शेवटी बरोबर तोललेले असाल तर उतरताना तेवढे जड असणारच, त्याला इलाज नाही. आता समजा ३० मीटरवर विंग (पाठीवरची हवेची पिशवी, ट्विनचं बीसीडी) फाटली. अंगात जाड वेटसूट असेल तर तोही तिथे दबून चपटा झालेला असतो, आणि काढून टाकायला बेल्टवर काहीच नाही कारण सगळं वजन टँकमध्येच आहे. पोहत वर येणं फार कठीण होऊन बसतं. म्हणून वेटसूटमध्ये ट्विन करायचे तर ॲल्युमिनियम घ्या आणि थोडं वेट काढता येण्यासारखं ठेवा, स्टीलचे ट्विन ड्रायसूटसाठी राहू देत. खांद्याला सोपं जातं म्हणून उलट करणारे खूप आहेत, तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

साइडमाउंटला हिशेब तोच, पण वेगळी कटकट असते. ॲल्युमिनियमचे टँक अर्ध्यावर आले की त्यांची शेपटी वर उचलायला लागते. त्यासाठी वेट वाढवू नका, खालचा क्लिप कमरेच्या पुढच्या डी-रिंगवर (पट्ट्यावरच्या कडीवर) आणा, टँक परत अंगाला समांतर होतो. आणि दोन्ही टँक आलटून पालटून वापरा, नाहीतर एका कुशीवर कलंडाल.

प्रश्न : स्विमिंग पूलमध्ये २ किलो पुरलं. समुद्रात? (नाशिक)

सूट तोच असेल तर साडेचार धरून चला. पूलमध्ये नुसत्या चड्डीवर उतरला असाल तर ते दोन किलो विसरा आणि वरचा ५ मीटरचा चेक करा.