बोटीच्या सीटची फ्रेम: आधी पुठ्ठा, मग पाइप

उजनीच्या बोटीचं काम घेतलंस, छान केलंस. पण पाइप कापायच्या आधी बोटीतच बसून पुठ्ठ्याचा साचा काढ. बोटीची कड कुठेच सरळ नसते, नुसत्या टेपच्या मापावर जाऊ नकोस. धरणाचं पाणी गोडं, म्हणून ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील चालेल. समुद्रावर जाणारी बोट असेल तर खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं ३१६च घे. आधी वेल्डिंगचे फक्त छोटे टाके मार, दोन्ही कर्ण सारखे आहेत का मोजून बघ, मगच पूर्ण वेल्डिंग कर, तेही आलटून पालटून, नाहीतर फ्रेम पिळवटते. कोपरे ग्राइंडरने गोल केलेच पाहिजेत, रेक्झिन तिथेच फाटतं. फोमखालच्या मरीन प्लायला (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडला) भोकं पाड, पाणी निथळलं पाहिजे. आणि गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप बंद शेडमध्ये कधीही वेल्ड करू नकोस बाळा, जस्ताचा धूर ताप आणतो.