पोलंडमधलं ब्लिझ्ना हे गाव कुठे आहे आणि दुसऱ्या महायुद्धात तिथे काय घडलं?

ब्लिझ्ना पोलंडच्या आग्नेय भागात, झेशुफ शहराच्या वायव्येला. व्हिस्तुला आणि सान नद्यांमधला हा सखल पट्टा म्हणजे रेताड जमीन, पाइनचं जंगल आणि विरळ वस्ती. पीकपाण्याच्या दृष्टीने यथातथाच, पण हिटलरच्या रॉकेटवाल्यांना नेमकी अशीच आडबाजूची जागा हवी होती.

व्ही-2 या जर्मनांच्या लांब पल्ल्याच्या रॉकेटचं काम आधी बाल्टिक समुद्राकाठी पेनेम्युंडेला चालायचं. ऑगस्ट 1943 मध्ये ब्रिटिश विमानांनी तिथे जबर बॉम्बफेक केली, म्हणून चाचण्या इकडे हलवल्या. एसएस या नाझी सशस्त्र संघटनेचा मोठा सराव तळ इथे आधीपासूनच होता आणि त्यासाठी गावकऱ्यांना केव्हाच हुसकावून लावलेलं होतं. 5 नोव्हेंबर 1943 रोजी इथून पहिलं व्ही-2 सोडलं गेलं. टेहळणी विमानांना चकवायला चक्क खोटं गाव उभारलं: नकली घरं, दोरीवर कपडे, प्लास्टरची माणसं आणि जनावरं!

गोची वेगळीच झाली. पेनेम्युंडेची रॉकेटं समुद्रात पडत, इथली पोलिश शेतांत पडू लागली. तुकडे गोळा करायला जर्मन पथकं धावायची आणि त्यांच्याआधी पोहोचायची धडपड होम आर्मी ही पोलिश भूमिगत सेना करायची. मे 1944 मध्ये सुमारे 250 किलोमीटरवर, सार्नाकीजवळ बुग नदीकाठच्या दलदलीत एक रॉकेट न फुटता रुतलं. भूमिगतांनी ते जर्मनांपासून लपवलं, मग सुटं करून वॉर्सातल्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचवलं.

25 जुलैच्या रात्री हे भाग न्यायला इटलीतल्या ब्रिंडिसीहून निघालेलं ब्रिटिश डाकोटा विमान तारनुफजवळच्या कुरणात उतरलं. निवडक भाग चढवले आणि बघतात तर चाकं चिखलात फसलेली. माती उकरून, चाकांखाली फळ्या घालून, बऱ्याच खटपटीनंतर ते एकदाचं उडालं. काही दिवसांत भाग लंडनला पोहोचले.

याने व्ही-2 चे हल्ले टळले असं कुणी सांगितलं तर मला पटत नाही. 8 सप्टेंबरपासून लंडनवर रॉकेटं पडू लागलीच, ती हवेत अडवायची सोयच नव्हती. भूमिगतांच्या या रॉकेट-तपासामागचे ग्लायडर अभियंते आंतोनी कोत्स्यान मात्र विमान येण्याआधीच पकडले गेले आणि ऑगस्टमध्ये त्यांना ठार केलं गेलं.

आज ब्लिझ्नात रॉकेटची प्रतिकृती आहे, तिच्यापुढे लोक फोटो काढतात. गेलात तर जवळचं पुस्त्कुफही बघा. याच तळासाठी तिथल्या छावणीत राबवलेले ज्यू, सोव्हिएत युद्धकैदी आणि पोलिश असे हजारो लोक मेले.