मावशीच्या बाटलीचा रिपोर्ट आणि शर्टांचा वास

पत्र, थोडक्यात: "बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. दोन वर्षांपूर्वी कचेरीतून रिटायर झालो. मुलगा एम. एस. युनिव्हर्सिटीतून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाला, 67 टक्के. माझी मेव्हणी टोरांटोला असते. तिची केमो चालू असताना तिथल्या डॉक्टरांनी तिला गांजापासून केलेलं तेल लिहून दिलं. तेव्हापासून मुलाच्या डोक्यात एकच आहे. तिकडे एका वर्षाचा कोर्स करायचा आणि औषधी गांजातली बुरशी आणि कीटकनाशकं तपासणाऱ्या लॅबमध्ये लागायचं. मला संशय आला म्हणून त्याचा लॅपटॉप पाहिला, कपाट पाहिलं, शर्टांचा वासही घेऊन पाहिला. काही सापडलं नाही. नातेवाइकांत 'फार्मात जाणार आहे' असं सांगून ठेवलंय. उद्या स्थळं येतील तेव्हा काय सांगू? त्याला बी.एड. किंवा बँकेच्या परीक्षेकडे कसं वळवू?"

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा शर्टांपाशी अडखळले आणि दुसऱ्यांदाही तिथेच.

बावीस वर्षांच्या मुलाचं कपाट उपसून त्याच्या शर्टांचा वास घेतलात. "काही सापडलं नाही" असं लिहिलंत, पण त्या ओळीत "हुश्श" कुठे दिसलं नाही. लगेच खाली विचारता, की याला वळवू कसा? म्हणजे काही सापडलं असतं तरी वळवायचा होता आणि नाही सापडलं तरी वळवायचाच आहे. मग तपासलंत कशाला? ज्या तपासणीने निकाल बदलत नाही तिला आमच्याकडे तपासणी म्हणत नाहीत. चार पानी पत्रात मेव्हणे, व्याही, समाजातली माणसं, शेजारचे काका असे सगळे बोलून गेले. मुलाचं स्वतःचं वाक्य मला एकच सापडलं, तेही तुमच्या शब्दांत. आणि कपाटातल्या घड्या बदललेल्या त्याला कळल्या नसतील अशा भ्रमात राहू नका. आपल्या घरांत कोण कुठल्या घडीचा रुमाल घेतो हेसुद्धा सगळ्यांना माहीत असतं.

तुमची भीती मात्र मी उडवून लावत नाही. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने, म्हणजे एनडीपीएसने, गांजा आणि चरस बाळगणं गुन्हा आहे आणि लॅबमध्ये काम करायचं म्हणून नमुना खिशात घालून आणता येत नाही. त्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे आणि राळ येते, नुसती पानं येत नाहीत. म्हणून तर भांग त्यातून सुटते आणि आयुर्वेदात 'विजया' या नावाने ती औषधातही असते. पण पोरगा काय वाचतोय आणि काय ओढतोय यात फरक करायला कायद्याचं पुस्तक लागत नाही. त्याला विचारलं असतंत तर चाललं असतं.

स्थळांना काय सांगायचं? "लॅबमध्ये आहे" असं सांगायचं. या गावात रसायनाच्या कामाला नावं ठेवणं जरा विनोदीच आहे. सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, ते हातांनी काम करणारी माणसं घडवायला. तिथले रसायनाचे प्राध्यापक गज्जर, त्यांच्याबरोबर अमीन आणि आपले कोटीभास्कर यांनी 1907 मध्ये अलेम्बिक ही औषध कंपनी सुरू केली. त्या काळच्या ब्रिटिश फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, गांजाचं टिंक्चर होतं, हे तुमच्या व्याह्यांना सांगू नका, पण तुम्ही लक्षात ठेवा.

आता एक गैरसमज, कारण तो तुमच्या पत्रात आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पालकांतही असतो. तुम्ही लिहिता, "वनस्पतीच ना, त्यात तपासायचं काय? बुरशी असेल तर दिसेल, वास येईल." नाही येत. ज्या बुरशीची रुग्णाला खरी भीती असते, ती अ‍ॅस्परजिलस, अनेकदा नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. केमोने पांढऱ्या पेशी खाली आलेल्या माणसाच्या फुप्फुसात तिचे बीजाणू गेले तर संसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणूनच कॅलिफोर्नियात ओढायच्या मालाच्या एका ग्रॅममध्ये तिच्या चार ठरावीक जातींपैकी एकही सापडली तर तो सगळा लॉट नापास. गॅमा किरणांनी बुरशी मारता येते, पण तिने आधीच तयार करून ठेवलेलं विष तिच्याबरोबर मरत नाही. कीटकनाशकाचं तर आणखीच वेगळं. द्राक्षावरच्या भुरी रोगावर मायक्लोब्युटानिल हे फवारणीचं औषध मारतात, ते नियमाने आणि ठरलेल्या मर्यादेत चालतं. पण ती मर्यादा द्राक्ष खाणाऱ्यासाठी आहे. खाल्लेली गोष्ट आधी यकृतातून जाते, ओढलेली थेट फुप्फुसातून रक्तात. शिवाय मायक्लोब्युटानिल तापवलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो. कॅनडात परवानाधारक उत्पादकांच्याच मालात ते सापडलं, माल परत मागवावा लागला, आणि 2019 पासून तिथे 96 कीटकनाशकांची तपासणी सक्तीची झाली. पाल्यापासून तेल काढताना औषधाबरोबर कीटकनाशकही त्यात उतरू शकतं, आणि तेल जितकं दाट तितकं तेही दाट. तुमच्या मेव्हणीची बाटली म्हणजे हेच तेल. पोराच्या डोक्यात नेमकं काय शिरलं असेल याचा अंदाज आला का?

आणि हे काही दूरदेशीचं नाही. 1974 मध्ये इथून जवळच्या पंचमहालात आणि पलीकडे बांसवाड्यात अवकाळी पावसाने मका भिजला. घरात दुसरं धान्य नव्हतं म्हणून लोकांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, आणि शंभरावर माणसं गेली. तोच मका खाणारी कुत्रीही मेली. मक्यावर अ‍ॅस्परजिलस होती आणि तिने केलेलं विष, अ‍ॅफ्लाटॉक्सिन. औषधी गांजात जिला शोधतात तीच ही बुरशी.

मार्गदर्शनाच्या धंद्यात येण्याआधी मी नऊ वर्षं अन्न तपासणीच्या लॅबमध्ये काढली. हे काम कसं असतं ते सांगते, कारण कोर्सच्या चकचकीत माहितीपत्रकात ते नसतं. दहा ग्रॅम नमुना प्लॅस्टिकच्या नळीत, त्यावर दहा मिली अ‍ॅसिटोनायट्राइल, मग मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ. झाकण लावून जोरात हलवायचं. नळी हातात गरम होते, पहिल्या दिवशी प्रत्येक पोर दचकतं. मग सेंट्रिफ्यूज, मग सफाई, मग मशीन. असं दिवसाला चाळीस वेळा. पद्धतीचं नाव क्वेचर्स. भाजी असो, जिरं असो, नाहीतर गांजा, हलवणारा हात तोच. गांजाचा नमुना चिकट असतो, त्यात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, आणि सीबीडी हे नशा न आणणारं टक्क्यांत असतं आणि शोधायचं कीटकनाशक अब्जात काही भाग. त्यामुळे सफाई अवघड, एवढाच फरक. ही अडचण सोडवायला गांजाचा कोर्स लागत नाही, अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री पक्की लागते.

मशीन शिकायला सहा महिने पुरतात. खरं अवघड पुढे आहे. एकदा एका व्यापाऱ्याचे शेंगदाणे नापास आले. अ‍ॅफ्लाटॉक्सिन अतिनील दिव्याखाली चमकतं. निळं चमकतं ते बी, हिरवं चमकतं ते जी, नावंच त्यावरून पडलीत. माझ्यासमोरचा ठिपका चांगला निळाशार होता. संध्याकाळी फोन आला, "बेन, फरीथी चेक करी आपो ने." म्हणजे पुन्हा तपासून द्या ना. दुसऱ्या दिवशी नवी पिशवी आली, दोनशे ग्रॅम, एकेक दाणा निवडलेला. पोत्यातल्या हजारो दाण्यांतले दोन-चारच विषारी असतात, त्यामुळे ती पिशवी अर्थातच पास झाली. मी सही करायला नकार दिला. दुसऱ्याने केली. माल गेला. त्या लॅबचं नाव सांगत नाही, तिथली काही माणसं आजही दिवाळीला फोन करतात.

तुमच्या मुलाला जायचंय त्या धंद्यात हा रोग जास्तच आहे. अमेरिकेत ज्याचा माल तोच लॅबला पैसे देतो, आणि जी लॅब टीएचसी जास्त दाखवते आणि बुरशीकडे काणाडोळा करते तिच्याकडे गिऱ्हाईक वळतं. "लॅब शॉपिंग" असा शब्दच रूढ झालाय. काही लॅबचे परवाने त्यापायी गेले. तेव्हा पोराला पगार विचारण्याआधी हे विचारा, की साहेब म्हणाला "पुन्हा चेक कर" तर तू काय करशील?

आता माझं मत, आणि ते तुम्हा दोघांनाही आवडणार नाही. एका वर्षाच्या त्या सर्टिफिकेटसाठी कॅनडाला आत्ता पाठवू नका. एका झाडाच्या नावावर कोर्स विकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. उद्या तो बाजार बसला तर कागदावर नाव त्या झाडाचंच राहील. त्यात 2024 पासून कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातलीय. भारतात या कामाच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. जम्मूच्या आयआयआयएम या सरकारी संशोधन संस्थेत परवान्याने गांजावर संशोधन चालतं, उत्तराखंडात हेम्पची, म्हणजे नशा जवळजवळ नसलेल्या गांजाच्या झाडाची, शेती आहे, आणि केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, 2021 मध्ये हेम्पच्या बियांना अन्न म्हणून मान्यता दिली. एवढ्यावर घर चालत नाही. कुणीतरी तुम्हाला फॉरेन्सिकही सुचवलंय. ते चांगलं क्षेत्र आहे, पण तिथला प्रश्न "हा गांजा आहे का" एवढाच असतो, "हा गांजा स्वच्छ आहे का" हा नव्हे.

बी.एड.चं आणि बँकेचं तर नावच काढू नका. त्याला शिकवायचं नाही, तुम्हाला फक्त स्थळांना सांगायला एक शब्द हवाय.

एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम आणि सीयूईटी-पीजी या परीक्षा त्याला माहीत असतीलच. अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री घ्यावी, आणि मायक्रोबायॉलॉजीच्या पोरांशी दोस्ती ठेवावी, कारण बुरशी हा त्यांचा प्रांत. पण त्याआधी सहा महिने एखाद्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून काढावेत, पगार तुटपुंजा असला तरी. बडोद्यात, अंकलेश्वरात, अहमदाबादेत अशा लॅब आहेत. राज्य सरकारची अन्न आणि औषध प्रयोगशाळा तर आपल्या गावातच आहे. उंझ्याचं जिरं आणि इसबगोल, सौराष्ट्रातला शेंगदाणा, पादऱ्याची भाजी, सगळ्याला तपासणारे हात लागतात. शेंगदाणा युरोपात पाठवायचा तर थेट खायच्या मालात अ‍ॅफ्लाटॉक्सिन किलोमागे 4 मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही, आणि एक कंटेनर परत आला की व्यापारी रात्रभर झोपत नाही. एम.एस्सी. आणि तीन वर्षं या कामात काढल्यावर त्याने एफएसएसएआयची फूड अ‍ॅनालिस्टची परीक्षा द्यावी. ती पास होऊन फूड अ‍ॅनालिस्ट म्हणून नेमलेल्याची सही कोर्टात चालते. त्यानंतरही टोरांटो खुणावत असेल तर खुशाल जाऊ दे. तेव्हा त्याच्याकडे हातातलं काम असेल आणि सर्टिफिकेटाची कुणी फारशी चौकशीही करणार नाही.

सहा महिन्यांत नळ्या हलवून कंटाळला तर तेही चांगलंच. मावशीच्या आजारपणात मन गुंतलं आणि त्यालाच आपण करिअर समजलो, असंही असू शकतं. या वयात दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात. हे त्याला त्या लॅबमध्येच कळेल. तुम्ही किंवा मी सांगून कळणार नाही.

आणि एक काम तुमचं. मेव्हणीने तिच्या तेलाचा तपासणी रिपोर्ट त्याला पाठवला होता असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तो मागून घ्या. कीटकनाशकांच्या यादीत बऱ्याच नावांसमोर "एनडी" असेल, म्हणजे सापडलं नाही. आज जेवताना टीव्ही बंद करून त्याला विचारा, की एनडी म्हणजे शून्य का रे? उत्तर लांबेल. मशीनला किती कमी दिसू शकतं, त्याखाली काय राहू शकतं, असं बरंच काही येईल. मधे बोलू नका.

पण त्याआधी शर्टांचं सांगून टाका.