मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डला चार रात्री राहण्यात अर्थ आहे का, की इंटरलाकेनहून एका दिवसात होतं?

तुमच्या प्रश्नातला ‘मे’ वाचला आणि लिहायला घेतलं. पासष्टी ओलांडलेले आई-बाबा, 11 वर्षांचा मुलगा, शाळेची सुट्टी, आणि वर एजंटचं ‘तिथे बारा महिने सगळं चालू असतं’. बारा महिने चालू असतं ते गाव आणि युंगफ्राउयोखची, म्हणजे वरच्या बर्फातल्या खिंडीत नेणारी गाडी (पुढे नुसतं ‘योख’). बाकीच्या डोंगराला वर्षातून दोनदा सुट्टी असते आणि त्यातली एक नेमकी आपल्याकडच्या परीक्षा संपल्यावर येते. हे एजंट सांगत नाहीत, कारण त्यांची बस तशीही फक्त योखलाच जाते.

ईस्टरच्या आसपास स्कीइंग आटोपतं. मग रोपवेचे दोर, पुली, ब्रेक तपासायला काढतात. मेनलिखेन या डोंगरावरचा रोपवे मे बराचसा उलटेपर्यंत बंद असतो. श्यूनिगे प्लाटेची दातेरी रुळांची छोटी रेल्वे जूनमध्ये सुरू होते. रोपवे चालू झाला तरी 2,000 मीटरच्या वर पायवाटा बर्फाखाली असतात, आणि हा बर्फ फोटोतला नसतो. दुपारी भुसभुशीत, सकाळी काचेसारखा, खाली ओढे पोखरत असतात. गावावरच्या फिर्स्ट या माथ्याहून बाखआल्पच्या तळ्याकडे जाणारी वाट, आयगर शिखराच्या भिंतीखालची आयगर ट्रेल, या जूनच्या उत्तरार्धाआधी धरायच्याच नाहीत. ज्या तळ्यात श्रेकहॉर्न शिखराचं प्रतिबिंब बघायला जायचं, ते तळंच मेमध्ये गोठलेलं असतं.

म्हणून मेमध्येच जायचं ठरलं असेल तर चारपैकी निदान दोन दिवस शेजारच्या लाउटरब्रुनेनच्या दरीला द्या. वरचा बर्फ वितळत असतो, त्यामुळे धबधबे भरात असतात. श्टाउबबाख 297 मीटर उंचीवरून गावाच्या डोक्यावरच कोसळतो. ट्र्युमेलबाखचे दहा धबधबे डोंगराच्या पोटात आहेत, बोगद्यातल्या लिफ्टने वर जाऊन जिन्याने उतरत बघायचे. आत पायऱ्या ओल्या असतात, आई-बाबांना रबरी तळव्याचे बूट हवेतच. चार वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. ग्रिंडेलवाल्डमध्ये ग्लेचरश्लुख्ट ही हिमनदीने कोरलेली घळ आणि फिंगस्टेकचा छोटा रोपवे हे मेमध्ये साधारण सुरू होतं. फिंगस्टेकला उतारावरून घरंगळणाऱ्या गाडीची वाट आहे, 736 मीटरची. मुलगा तिथून लवकर हलणार नाही.

सुट्टीच्या तारखा हलवता येत असतील तर गणित असं. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडते, तेव्हा जूनचा पहिला आठवडा हा मधला मार्ग: रोपवे चालू, कुरणं फुललेली, वरच्या वाटा अर्ध्याच मोकळ्या. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आली तर उत्तम, हवा स्वच्छ आणि गर्दी ओसरलेली. दिवाळी नोव्हेंबरात गेली की पुन्हा तपासणीची बंदी. नाताळात सगळं चालू, पण राहण्याचा भाव ऐकून उठून बसाल. बंदीच्या तारखा दरवर्षी बदलतात आणि प्रत्येक रोपवेच्या वेगळ्या असतात, त्या हॉटेल पक्कं करण्याआधी बघायच्या, नंतर नाही.

आता फिर्स्ट. मुलासाठी चार रात्री राहण्याचं खरं कारण हेच आहे आणि लोक इथेच दिवस वाया घालवतात, म्हणून सविस्तर लिहितो.

गोंडोला, म्हणजे रोपवेचा डबा, गावातून (1,034 मीटर) बोर्ट (1,570), श्रेकफेल्ड (1,955) करत फिर्स्टला (2,168) पंचवीसेक मिनिटांत नेतो. बोर्ट म्हणजे जवळपास आपलं कळसूबाई (1,646). उतरताना तीन खेळ एकाखाली एक बसवलेले आहेत. फिर्स्ट ते श्रेकफेल्ड फिर्स्ट फ्लायर: पट्ट्यांनी बांधून दोरावरून सोडतात, 800 मीटर, वेग 84 किलोमीटरपर्यंत. श्रेकफेल्ड ते बोर्ट माउंटन कार्ट: जमिनीलगत बसून हाकायची बिनइंजिनाची गाडी, 3 किलोमीटर खडीचा रस्ता. बोर्ट ते गाव ट्रॉटीबाइक: उभ्याने चालवायची सायकल, सीट नाही, डांबरी रस्ता.

क्रम हाच ठेवायचा आणि पहिल्या गोंडोलाने वर जायचं. लोक आधी क्लिफ वॉकवर, म्हणजे कड्याला धरून बांधलेल्या वाटेवर, फोटो काढतात, मग कॉफी, मग फ्लायरच्या रांगेत उभे. जुलै-ऑगस्टमध्ये अकरानंतर ती रांग सहज तासाच्या वर जाते. क्लिफ वॉक फुकट आहे आणि कुठे पळून जात नाही. आई-बाबांना तोवर तिकडे पाठवा. मात्र लोखंडी जाळीतून खालची दरी दिसते, चक्कर येणाऱ्याने अर्ध्यातून परत फिरावं. मग तुम्ही दोघं खेळत उतरा, ते गोंडोलाने उतरतील.

अटी घरीच तपासा. फ्लायरला वजन 35 ते 125 किलो. 11 वर्षांची कितीतरी मुलं 33-34 किलोची असतात आणि तिथे काटा आहे, गयावया चालत नाही. कार्टला उंची 135 सेंटीमीटर, ट्रॉटीबाइकला 125. चपला, सँडल नकोत. ओढणी, स्कार्फ, जॅकेटची लोंबती दोरी चाकात जाते, ती आत खोचा. पाठीवर एकच छोटी सॅक, हातात काही नाही.

कार्ट चालवताना पडतात ते वेगाने नाही, ब्रेकने. दोन्ही हातांचे ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर दाबायचे. वळणात शिरल्यावर करकचून दाबले की मागची चाकं खडीवर सरकतात आणि गाडी आडवी होते. ट्रॉटीबाइकवर उलट धोका: रस्ता गुळगुळीत, वेग नकळत वाढतो, आणि वळणापलीकडून ट्रॅक्टर किंवा बस येते. मुलाला मागे ठेवा, पुढे नको. पुढचं माणूस वेग ठरवतं.

तिकिटाची मेख: गोंडोलाचं एकेरी तिकीट काढून ‘खेळतच उतरू’ म्हणणाऱ्यांची पंचाईत पावसात होते. पाऊस किंवा वारा आला की आधी फ्लायर, मग कार्ट बंद, आणि मग उतरायचं तिकीट वेगळं. ढग असतील त्या दिवशी परतीचंच घ्या.

पासांबद्दल थोडक्यात. स्विस ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्ड गावापर्यंत पूर्ण चालतो. पुढे फिर्स्टला निम्मी सूट, योखला फक्त 25 टक्के. हाफ फेअर कार्डवर योखलाही निम्मं. युंगफ्राउ ट्रॅव्हल पास 3 ते 8 दिवसांचा असतो, त्यात फिर्स्ट, मेनलिखेन आणि योखच्या वाटेवरच्या आयगरग्लेचर स्टेशनपर्यंतचं सगळं येतं, तिथून योखचा शेवटचा टप्पा वेगळा. चार रात्री राहणार असाल तर हाच बघा, पण तुमच्या तारखांना त्यातलं काय उघडं आहे ते मोजून. फ्लायर, कार्ट वगैरे खेळांचे पैसे निराळे. मुलाला स्विस ट्रॅव्हल पासबरोबर फॅमिली कार्ड मोफत मिळतं, मात्र सोबत आई किंवा वडील लागतात. आजी-आजोबांबरोबर तो एकटा निघाला तर ते चालत नाही.

गाडीत दोन चुका ठरलेल्या. इंटरलाकेन ओस्टहून निघणारी गाडी त्स्वायल्युचिनेनला तुटते, अर्धी लाउटरब्रुनेनला, अर्धी ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच बसा. चुकलात तर तिथे उतरून फलाटावरूनच दुसऱ्या डब्यात जाता येतं, घाबरायचं कारण नाही. दुसरी: ‘ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल’ आणि ‘ग्रिंडेलवाल्ड’ ही वेगळी स्टेशनं. आयगर एक्सप्रेस (योखच्या वाटेवरचा रोपवे) आणि मेनलिखेनसाठी टर्मिनल, फिर्स्टसाठी पुढचं, गावातलं.

राहायला स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, चार रात्री हॉटेलचं जेवण तुमच्या खिशाला आणि आईंच्या पोटाला दोन्हीला जड जाईल. सामान स्टेशनजवळच्या कोऑप सुपरमार्केटमध्ये मिळतं. कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालणारा न्या, ॲल्युमिनियमचा बऱ्याच शेगड्यांवर तापतच नाही. नळाचं आणि रस्त्यावरच्या कारंज्याचं पाणी प्यायचं, जिथे पिऊ नये तिथे तशी पाटी असते.

चालायच्या वाटा पाट्यांवरून ओळखा. नुसती पिवळी पाटी म्हणजे आई-बाबांना चालेल. टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर डोंगरवाट, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला की परत फिरा. पाटीवरचा वेळ न थांबता चालणाऱ्याचा असतो, सपाटीवर ताशी 4.2 किलोमीटर धरून. फोटो, डबा, आणि ‘जरा बसू’ धरून आपल्याला दीडपट लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी चढ चालावा आणि उतार रोपवेने करावा. आपल्याकडे बरोबर उलटं करतात.

हिवाळ्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी ‘बर्फात खेळायला’ जाणाऱ्यांसाठी: जीन्स घालू नका, अर्ध्या तासात भिजून कडक होते. स्कीच्या बुटात एकच पातळ मोजा. दोन घातले की पाय आत हलतो, रक्त अडतं आणि उलट जास्त गारठतो. भाड्याने घेताना वजन खरं सांगा, बूट पडल्यावर सुटायचा की नाही हे त्यावर लावतात. लाजून दहा किलो कमी सांगितलेत तर स्की नको तिथे सुटेल, वाढवून सांगितलेत तर पडल्यावरही सुटणार नाही आणि गुडघा जाईल. स्की करायची नसेल तर घसरगाडी. फाउलहॉर्नहून गावापर्यंतची 15 किलोमीटरची घसरण प्रसिद्ध आहे, पण फाउलहॉर्नला (2,681 मीटर) रोपवे जात नाही. फिर्स्टहून अडीच तास गाडी ओढत चढायचं, हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं. गावाची स्वतःची वेलोगेमेल ही लाकडी बर्फ-सायकल मात्र एकदा जरूर चालवा. 1911 पासून ती इथेच बनते.

आणि आता योख, कारण तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी ‘योख नाही तर स्वित्झर्लंड नाही’ लिहिणारच. आमच्या घरात हे वाक्य माझे मेव्हणे म्हणतात, आणि हा वाद जुना आहे. रेल्वे थोर आहे, वादच नाही. 1896 साली काम सुरू झालं, 1 ऑगस्ट 1912 ला गाडी 3,454 मीटरवर पोचली, आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातून. पण 2020 पासून आयगर एक्सप्रेसमुळे टर्मिनलहून पाऊण तासात तुम्ही अडीच हजार मीटर वर जाता, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. माणसं उतरल्या उतरल्या जिने चढायला धावतात, डोकं धरून बसतात, भारतीय बुफे खातात आणि खाली येतात. माणशी दोनशे फ्रँकच्या वर, सूट नसेल तर. ढग असेल तर चार भिंती आणि एक बर्फाचा बोगदा. पैसे परत नाहीत.

मेव्हण्यांचं म्हणणं, ‘एवढ्या लांब जाऊन वरचं टोक सोडायचं?’ माझं म्हणणं, ते टोकच नाही. म्योंख 4,107 आणि युंगफ्राउ 4,158, दोन्ही तुमच्या डोक्यावर उभेच असतात. योख ही त्यांच्यामधली खिंड. आणि आयगर बघायचा तर खालूनच. उत्तरेची अठराशे मीटरची भिंत, जी 1938 मध्ये पहिल्यांदा चढली गेली, ती योखच्या गाडीतून दिसत नाही कारण तुम्ही तिच्या आत असता. मेनलिखेनहून क्लायने शायडेग या खिंडीला येणाऱ्या दीड तासाच्या, जवळपास सपाट वाटेवर ती पूर्ण वेळ समोर असते. ही वाट जून ते ऑक्टोबर, आई-बाबांनाही जमेल अशी.

तरी जायचंच असेल, आणि मेमध्ये बाकी बरंच बंद असल्याने तुम्ही जालच, तर आदल्या रात्री तिकीट काढू नका. सकाळी सातला वेबकॅम बघा, निळं दिसलं तरच घ्या. उन्हाळ्याच्या गर्दीत जागा राखलेल्या बऱ्या, त्यामुळे एक पर्यायी दिवस हातात ठेवा. चार रात्री इथे उपयोगी पडतात आणि इंटरलाकेनचा एक दिवस इथे मार खातो. आल्यावर दहा मिनिटं बसा, पाणी प्या, मग हळू चाला. बाबांना हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना भारतातच विचारा, आयगरग्लेचरच्या फलाटावर नाही.

विम्याचं राहिलं. व्हिसासाठी घेतलेल्या 30,000 युरोच्या पॉलिसीत स्की, झिपलाइन, घसरगाडी बहुतेक वेळा वगळलेली असते. वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा आणि लागेल ते जास्त पैसे भरून जोडा. अडकलेल्यांना सोडवणाऱ्या हेलिकॉप्टरचा नंबर 1414, ॲम्ब्युलन्सचा 144. बोलावलं की येतात, बिलही येतं.