ड्रिपमधून सोडलेले जिवाणू पाण्याबरोबर निघून जातात का?

मंगळवेढा भागातल्या एका शेतकरी बंधूंनी विचारलंय: "डाळिंबाला ड्रिपमधून स्फुरद विरघळवणारे जिवाणू सोडले. शेजारी म्हणतात, पुढच्या पाण्यालाच ते खाली जातात. मग पैसे वाया गेले का?" सांगोल्याच्या एका ताईंचा प्रश्न शाळूच्या बीजप्रक्रियेबद्दल आहे, तो शेवटी घेतो.

भाऊ, तुमची जमीन काळी असेल तर बरेचसे जिवाणू मातीलाच धरून राहतात. जिवाणू साधारण १ ते २ मायक्रॉनचा असतो आणि चिकणमातीचा कण २ मायक्रॉनपेक्षाही लहान. म्हणजे मातीचे कणच त्याच्या अंगाला लपेटून बसतात. खरं तर दोघांवरही ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलायला हवेत. पण आपल्या चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम भरपूर. त्याचा दुहेरी धन भार एका बाजूने माती धरतो, दुसऱ्या बाजूने जिवाणू. सुरुवातीची ही पकड कच्चीच असते, जोराच्या पाण्याने सुटते. नंतर जिवाणू अंगावरच्या बारीक तंतूंनी धरतो आणि भेंडीच्या तारेसारखा चिकट पदार्थ सोडतो. मग तो सहजासहजी हलत नाही.

म्हणून जिवाणू पाणी संपत आल्यावर सोडा आणि नळ्या धुण्यापुरतंच साधं पाणी चालवा. त्यानंतर लगेच मोकळं पाणी देऊ नका, पण वाफसा मोडू देऊ नका. त्या दिवशी ड्रिपमधून आम्ल किंवा क्लोरीन अजिबात नको. मुरमाड जमिनीत चिकणमाती कमी, तिथे शेजाऱ्यांचं म्हणणं बरंचसं खरं ठरतं. अशा ठिकाणी जिवाणू चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळाजवळ द्या.

चोपण जमिनीची मला जास्त काळजी वाटते. कालव्याच्या पाण्याखालच्या, निचरा नसलेल्या रानात कॅल्शियमची जागा सोडियम घेतो. त्याला एकच धन भार, त्यामुळे माती आणि जिवाणूमधला पूल टिकत नाही. घरी बघा: काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या, सुकं ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ फुटून खाली बसलं आणि वरचं पाणी नितळ राहिलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर सोडियमचा संशय घ्या. अशा रानात जिवाणूंची बाटली विकत घेण्याआधी माती तपासा. अहवालाप्रमाणे जिप्सम आणि निचऱ्याची सोय, हे आधी.

आता ताईंसाठी. बियाणं उन्हात नको, सावलीतच सुकवा, उन्हाने जिवाणू मरतात. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम अ‍ॅझोटोबॅक्टर जिवाणूखत, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यातून, हलक्या हाताने चोळा. काणी रोगासाठी गंधक लावणार असाल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. आणि लावलेलं बी त्याच दिवशी पेरा.